पत्र्याच्या कमानीखाली

साठ-सत्तरच्या दशकांत नाताळच्या दिवसांत वांद्र्याच्या गल्ल्यांतून किंवा गोव्यातल्या एखाद्या वाड्यावरून चालत गेलेल्या माणसाच्या कानी जिम रीव्हजचा आवाज पडला नाही, असे सहसा होत नसे. मऊ, खालच्या पट्टीतला, शेजारी बसून बोलल्यासारखा तो आवाज. मागे वाद्ये वाजत असत, पण ती कधी आवाजाच्या पुढे येत नसत. अमेरिकेतले हे 'कंट्री' संगीत. म्हणजे मुळात शेतकऱ्यांचे, खाणकामगारांचे, गावजत्रांत फिडल आणि बँजोवर वाजणारे रांगडे संगीत. त्याला हे दिवाणखान्यातले रूप ज्यांनी दिले त्यांत दोन नावे ठळक आहेत. एक चेट ॲटकिन्स. तो स्वतः नामांकित गिटारवादक, तबकड्यांच्या वेष्टनांवर त्याची छायाचित्रे छापली जात. दुसरा ओवेन ब्रॅडली. गाणी ऐकणाऱ्या बहुतेकांना त्याचा चेहराही ठाऊक नव्हता. आज या दुसऱ्याची गोष्ट सांगायची आहे.

ओवेनचा जन्म २१ ऑक्टोबर १९१५ चा, टेनेसी राज्यातल्या वेस्टमोरलंड गावचा. कुटुंब नॅशव्हिलला आले, पोरगा पियानो शिकला आणि वयात येण्याआधीच रस्त्याकडेच्या गुत्त्यांत आणि जुगाराच्या अड्ड्यांवर वाजवून चार पैसे मिळवू लागला. विशीत तो 'डब्ल्यूएसएम' नभोवाणी केंद्रात लागला. हे केंद्र एका विमा कंपनीच्या मालकीचे. केंद्राच्या नावातली तीन अक्षरे म्हणजे 'आम्ही लाखोंना संरक्षण देतो' या अर्थाच्या इंग्रजी घोषवाक्याची आद्याक्षरे होती! याच केंद्रावरून दर शनिवारी रात्री 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री संगीताचा कार्यक्रम होई आणि निम्मी अमेरिका तो ऐके. ब्रॅडली पुढे या केंद्राचा संगीत दिग्दर्शक झाला. मात्र त्याचा स्वतःचा वाद्यवृंद होता तो नृत्यसंगीताचा. शहरातल्या धनिकांच्या मेजवान्यांत तो वाजे, आणि १९६४ पर्यंत त्याने तो चालू ठेवला. हे ध्यानात ठेवायला हवे. गावरान संगीताचा हा शिल्पकार पेशाने सुटाबुटातल्या पार्ट्यांचा बँडमास्तर होता.

१९४७ पासून तो डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीच्या पॉल कोहेनच्या हाताखाली काम शिकू लागला. कोहेन न्यूयॉर्कहून यायचा, गायकांना गोळा करायचा, गाणी मुद्रित करून परत जायचा. त्या वेळी नॅशव्हिलमधला नाव घेण्याजोगा स्टुडिओ म्हणजे ट्युलेन हॉटेलातला 'कॅसल'. तो नभोवाणीचेच तीन तंत्रज्ञ फावल्या वेळात चालवीत. पुढे केंद्राने त्यांना नोकरी किंवा स्टुडिओ यांतले एक निवडायला सांगितले आणि कॅसलचे दिवस भरले. इकडे कोहेनच्या मनात सगळे काम टेक्सासमध्ये, डॅलसला हलवायचे घाटत होते. तसे झाले असते तर नॅशव्हिल आज कदाचित विम्याच्या कचेऱ्यांचे गाव म्हणूनच ओळखले गेले असते. ब्रॅडलीने त्याला सांगितले की मी इथे स्टुडिओ बांधतो, तू मला वर्षाला शंभर सत्रांची हमी दे.

माझी सारी उमेद बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. त्या सवयीने मी या प्रस्तावाकडे पाहतो तेव्हा कपाळाला आठ्या पडतात. अर्जदार पगारदार, नोकरी पक्की, बायकामुले असलेला. याआधी त्याने आणि त्याचा धाकटा भाऊ हॅरोल्ड याने गावात दोन ठिकाणी छोटे स्टुडिओ थाटून पाहिलेले, ते काही फारसे चाललेले नाहीत. तारण म्हणून एक जुने राहते घर, तेही अशा आळीत की जिथे धंद्याचा एकही फलक नाही. आणि बांधकामाचा आराखडा काय, तर म्हणे घराचा पहिला मजला तोडून टाकायचा, म्हणजे तळघराला उंच छत मिळेल! मी तो अर्ज शेरा मारून परत पाठवला असता. दोघा भावांनी १९५४ च्या अखेरीस सोळाव्या रस्त्यावरचे ते ८०४ क्रमांकाचे घर घेतले, मजला तोडला आणि तळघरात स्टुडिओ केला. पुढे या घराच्या आसपासची घरे एकामागून एक संगीतवाल्यांनी घेतली. त्या वस्तीला आज 'म्युझिक रो' म्हणतात.

तळघर पुरेना, आणि भावांना चित्रफितीही काढायच्या होत्या. म्हणून त्यांनी घरामागे लष्करी बांधणीची पत्र्याची एक तयार शेड उभी केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेने जगभर अशा शेडी टाकल्या होत्या. अर्ध्या पिंपासारखी कमान, वरून खालपर्यंत पन्हाळी पत्रा. तिला 'क्वॉन्सेट हट' म्हणतात. ध्वनिशास्त्र जाणणारा कोणीही गाण्यासाठी अशी जागा निवडणार नाही. वाकलेला पत्रा आवाज गोळा करून एका जागी फेकतो आणि घुमवतो. ब्रॅडली बंधूंनी आत लाकूड ठोकले, जुने जाड पडदे टांगले, इथे घुमते तिथे काहीतरी लाव, तिथे दबते तिथले काहीतरी काढ, असे करत करत ती जागा सुरात आणली. त्यात गणित कमी आणि कान अधिक.

आता ध्वनिमिश्रण म्हणजे काय ते थोडे सांगायला हवे, नाहीतर या माणसाचे मोठेपण कळायचे नाही. आमच्या नात्यातल्या एका तरुणाने ठाण्याच्या फ्लॅटमधल्या झोपायच्या खोलीचा स्टुडिओ केला आहे. भिंतींना गाद्या, खिडकीला रजई, टेबलावर संगणक. मध्यंतरी त्याने पाच जणांचा एक बँड एका खोलीत एकत्र वाजवून मुद्रित केला. जुन्या अमेरिकन कंट्रीचा त्यांना नाद आहे. प्रत्येकापुढे वेगळा मायक्रोफोन, प्रत्येकाची वेगळी पट्टी. मुद्रण झाकीत झाले. नंतर मिश्रणाला बसला आणि हैराण झाला. गायकाचा आवाज वाढवावा तर त्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरलेली ड्रमची थाळीही वाढते. थाळी कमी करावी तर गायक बसतो. भिंतच सामाईक असलेल्या दोन बिऱ्हाडांसारखा प्रकार. एकाने रेडिओ लावला की दुसऱ्याने ऐकायचाच.

यामागचे शास्त्र सोपे आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे साडेतीन मीटरवरच्या ड्रमचा ठोका गायकाच्या मायक्रोफोनपर्यंत यायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. तोच ठोका ड्रमच्या मायक्रोफोनमध्ये आधीच पोचलेला असतो. मिश्रणात हे दोन्ही एकत्र आले की काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि सगळे डब्यात बोलल्यासारखे पोकळ लागते. उलट, अंतर दुप्पट केले की मोकळ्यावर आवाजाचा जोर चौथ्या हिश्शावर येतो. तेव्हा कोण कुठे उभा आहे, कोणाचे तोंड कुठे आहे आणि कोण किती जोराने वाजवतो, यावरच निम्मे मिश्रण ठरून जाते. संगणकापुढे बसल्यावर जे उरते ते बाकीचे निम्मे. त्या पोराला मी एवढेच म्हटले की तू नंतर करतो आहेस ते ब्रॅडली आधी करत असे.

ब्रॅडलीच्या काळी टेपवर पाच वेगळ्या पट्ट्या नव्हत्या. आरंभी एकच होती. म्हणजे गाणे वाजत असतानाच मिश्रण व्हायचे, आणि झाले ते झाले. एखाद्याची गिटार मोठी झाली तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे. पुढे तीन पट्ट्यांचे यंत्र आले तरी फार फरक पडला नाही; एकीवर गायक आणि बाकी सगळे दोन पट्ट्यांत. वाद्यमेळाचा बँडमास्तर असल्याचा त्याला इथे उपयोग झाला. आवाज वाढवण्यापेक्षा दुसऱ्याला थांबवणे सोपे, हे त्याला ठाऊक होते. गायक गात असताना पियानोने ओळीच्या शेवटी येणाऱ्या मोकळ्या जागेतच दोन स्वर टाकायचे. ड्रमवर काठीऐवजी ब्रश. मागे 'जॉर्डनेअर्स' या चौकडीचा नुसता आकार, शब्द नाहीत. उभ्या डबल बासवर बॉब मूर, आणि तेच स्वर हॅरोल्ड ब्रॅडली सहा तारांच्या विजेच्या बास गिटारवर तळव्याने तार दाबून टिकटिक करत वाजवी. हे दुहेरी काम कशासाठी, तर खर्ज स्वर छोट्या रेडिओच्या कर्ण्यातून ऐकूच येत नसत. ती टिकटिक ऐकू येई आणि कान उरलेला खर्ज आपल्या मनाने भरून घेई. किती साधी युक्ती आहे, आणि किती व्यवहारी!

वादक तेच ते असत. त्यांना 'ए टीम' म्हणत. सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि गरज पडली तर रात्री दहा, अशी तीन-तीन तासांची सत्रे. एका सत्रात तीन-चार गाणी उरकायची हा रिवाज. स्वरलिपीचे कागद क्वचितच. ही मंडळी सुरावटीतल्या क्रमांकांनी स्वरसमूह लिहून घेत. पहिला, चौथा, पाचवा. गायकाला पट्टी झेपली नाही तर पट्टी बदलायची, आकडे तेच राहायचे. आपल्या सरगमात सा कुठेही धरला तरी प म्हणजे पच, तसेच हे. ही पद्धत जॉर्डनेअर्समधल्या नील मॅथ्यूजने पन्नाशीच्या दशकात बसवली आणि आज ती साऱ्या नॅशव्हिलमध्ये चालते.

या शेडीतला एक अपघात सांगण्यासारखा आहे. तो ब्रॅडलीच्या स्वतःच्या सत्रातला नाही. जागा भाड्याने दिली जाई आणि कोलंबिया कंपनीचा डॉन लॉ तिथे मार्टी रॉबिन्सचे गाणे मुद्रित करत होता. १९६० सालची गोष्ट. ग्रेडी मार्टिन आपल्या बास गिटारवर एकल तुकडा वाजवू लागला आणि मिश्रणाच्या यंत्रातला एक भाग बिघडल्यामुळे स्वर फाटून भुंग्यासारखा गुणगुणू लागला. तुकडा तसाच ठेवला गेला, आणि १९६१ मध्ये ते गाणे कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. तिथला तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी याने त्या बिघाडाचा अभ्यास करून तो मुद्दाम घडवणारे उपकरण तयार केले, ते १९६२ मध्ये बाजारात आले. रॉक संगीतात पुढे ज्या फाटक्या गिटारचा जयजयकार झाला तिचे एक मूळ असे या पत्र्याखाली आहे.

ब्रॅडलीची पद्धत सगळ्यांनाच मानवली असे मात्र नाही. १९५६ मध्ये टेक्सासचा एक चष्मेवाला पोरगा डेक्कासाठी गायला आला, बडी हॉली. वर्षभरात तीन वेळा तो या स्टुडिओत आला. पहिल्या खेपेला त्याला आपली गिटार बाजूला ठेवावी लागली आणि साथीला इथले मुरलेले वादक आले. सगळे स्वच्छ, बेताचे, आणि निर्जीव. डेक्काने करार पुढे चालवला नाही. जे गाणे नॅशव्हिलमध्ये जमले नव्हते तेच त्याने १९५७ च्या फेब्रुवारीत न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावी नॉर्मन पेटीच्या छोट्या स्टुडिओत आपल्या मित्रांना घेऊन पुन्हा गायले आणि ते देशभर गाजले. माझ्या मते यात ब्रॅडलीचा कान चुकला नाही, त्याचा स्वभाव आडवा आला. नीटनेटकेपणा हा ज्याचा प्राण, त्याला विस्कटलेल्या केसांतले सौंदर्य दिसायला वेळ लागतो.

पॅट्सी क्लाइनच्या बाबतीत मात्र तोच नीटनेटकेपणा कामाला आला. व्हर्जिनियातल्या गरिबीतून आलेली, तोंडाने फटकळ, गळ्याने अफाट. जुन्या करारामुळे ठरावीक प्रकाशकाचीच गाणी गायची सक्ती होती. १९५७ मधले एक गाणे सोडले तर पदरी काही पडले नव्हते. १९६० मध्ये ती करारातून सुटून थेट डेक्काकडे आली. ब्रॅडली तेव्हा कंपनीच्या नॅशव्हिल शाखेचा प्रमुख झाला होता. तिला गावरान, जोरकस गाणी हवी असत. तिचा खरा गळा संथ लयीत, दीर्घ स्वरांत खुलतो हे त्याने ओळखले होते. त्यावरून दोघांत खटके उडत. नोव्हेंबर १९६० मध्ये मुद्रित केलेले 'आय फॉल टू पीसेस' हळूहळू वर चढत होते, आणि १४ जून १९६१ रोजी नॅशव्हिलमध्ये मोटारींची समोरासमोर टक्कर झाली. पॅट्सी काचेतून बाहेर फेकली गेली. कपाळ फाटले, हाडे मोडली. ती वाचते की नाही अशी अवस्था होती.

दोन महिन्यांनी, २१ ऑगस्ट १९६१ रोजी, ती कुबड्या घेऊन शेडीत आली. गाणे होते 'क्रेझी', विली नेल्सन या तेव्हा फारसे नाव नसलेल्या कवीचे. आधी तिला ते आवडलेच नव्हते. वादक बसले, मायक्रोफोन लागले, आणि वरचे स्वर लावताना दुखऱ्या बरगड्यांनी श्वास धरू दिला नाही. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. तीन तासांत चार गाणी काढणाऱ्या त्या कारखान्यात चार तास एकाच गाण्यावर गेले. वादकांचा वाढीव मेहनताना, कंपनीचा हिशेब, घड्याळ, सगळे एका बाजूला.

सगळ्यांनी एकाच वेळी, एकमेकांकडे पाहत वाजवायचे, यावर ज्याचे सारे शास्त्र उभे होते त्या ब्रॅडलीने त्या रात्री वादकांचे तेवढे पक्के करून घेतले आणि तिला घरी पाठवले. गळ्याची पट्टी वेगळी होती म्हणून हे शक्य झाले. वाद्यांच्या पट्ट्यांत तिचा आवाज शिरून राहणार नाही एवढी काळजी मात्र घ्यायला हवी होती, आणि ती त्या शेडीतल्या पडद्यांनी आणि बैठकीनेच घेतली होती. बरगड्या सांधल्यावर पॅट्सी परत आली. रिकाम्या खोलीत, वाजून गेलेल्या साथीवर, एका दमात गाऊन मोकळी झाली असे सांगतात. आज ते गाणे ऐकताना वादक तिच्या श्वासाकडे पाहून थांबताहेत असे वाटते. ती तेव्हा तिथे नव्हतीच! पण ऑगस्टच्या त्या रात्री ती त्यांच्यासमोर चार तास धडपडली होती आणि त्यांच्या बोटांना तिचा श्वास पाठ झाला होता. मला वाटते, त्या वाया गेलेल्या चार तासांचा पैसा असा वसूल झाला.

'क्रेझी' कंट्रीच्या यादीत दुसऱ्या आणि सर्वसाधारण यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेले. फेब्रुवारी १९६३ मध्ये तिची अखेरची सत्रे झाली आणि ५ मार्चला टेनेसीतल्या कॅमडेन गावाजवळ छोटे विमान कोसळून ती गेली. वय तीस.

ब्रॅडलीवर एक आरोप नेहमी होतो. फिडल आणि स्टील गिटार काढून त्याने व्हायोलिनचा ताफा आणि समूहस्वर आणले. कष्टकऱ्यांच्या गाण्याला अत्तर लावले. आरोप निराधार नाही. पण १९५६ नंतर रॉक अँड रोलच्या लाटेत कंट्री गायकांची विक्री ढासळली होती, आणि ब्रॅडली दुकान चालवत होता. शिवाय हे अत्तर त्याने सगळ्यांना लावले नाही. केंटकीच्या खाणकामगाराची मुलगी लोरेटा लिन त्याच्याकडे आली तेव्हा तिची स्टील गिटार आणि तिचे खेडवळ उच्चार त्याने जसेच्या तसे ठेवले. तिने आपल्या बालपणावर लांबलचक गाणे रचले होते. त्याने त्यातली काही कडवी गाळायला लावली. तिला त्याची हळहळ पुढेही वाटत राहिली. १९७० मध्ये निघालेले 'कोल मायनर्स डॉटर' हेच ते, आणि पुढे त्याच नावाचा चित्रपट आला. गाळणे हाही मिश्रणाचाच भाग, पण ज्याच्या आयुष्यातली कडवी गाळली जातात त्याला ते पटणे कठीण.

१९६२ मध्ये कोलंबिया कंपनीने घर आणि शेड विकत घेतली. पुढचे घर पाडून तिथे इमारत झाली, शेडीला मात्र कोणी हात लावला नाही. तिचा आवाज पुन्हा बांधता येईल याची खात्री कोणालाच नव्हती. ब्रॅडलीने शहराबाहेर माउंट ज्यूलिएटजवळ शेत घेतले होते. तिथल्या धान्याच्या कोठाराचा त्याने स्टुडिओ केला. गावाबाहेर गायी-गुरांच्या सोबतीला येऊन मोठमोठे गायक गाऊन गेले. १९८० मध्ये ते कोठार आगीत जळाले. पासष्टीला आलेल्या माणसाने तिथेच ते पुन्हा उभे केले.

१९८१ मध्ये त्याने आणि ॲटकिन्सने मिळून एक अजब उद्योग केला. पॅट्सी क्लाइन आणि जिम रीव्हज, दोघेही विमान अपघातांत गेलेले, ती १९६३ मध्ये, तो १९६४ मध्ये. आयुष्यात एकदाही एकत्र न गायलेले. दोघांच्या जुन्या तीन पट्ट्यांच्या टेपांतून फक्त गळे वेगळे काढले, साथ नव्याने वाजवली आणि त्यांचे युगुलगीत तयार केले. अमेरिकेत ते चांगले खपले. मला ते ऐकताना थोडे अवघडल्यासारखे होते. कारागिरीत खोट नाही, पण दोघांपैकी कोणीच दुसऱ्याच्या श्वासासाठी थांबत नाही.

ब्रॅडली निवृत्त होऊन हृदयविकारातून उठत असताना कॅनडाची के. डी. लँग ही तरुण गायिका त्याच्यामागे लागली. तिला तोच जुना आवाज हवा होता. १९८८ मध्ये त्यांचा 'शॅडोलँड' आला आणि त्यातल्या एका गाण्यात त्याने किटी वेल्स, लोरेटा लिन आणि ब्रेंडा ली या आपल्या तिन्ही जुन्या गायिकांना तिच्या शेजारी उभे केले. ७ जानेवारी १९९८ रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी तो वारला. सोळाव्या रस्त्याच्या तोंडाशी छोट्या बागेत त्याचा ब्राँझचा पुतळा पियानोपुढे बसला आहे. शेड १९८२ मध्ये बंद पडली होती. नंतर माइक कर्ब या संगीत व्यावसायिकाने ती घेऊन दुरुस्त केली आणि बेल्मॉन्ट विद्यापीठाची मुले तिथे ध्वनिमुद्रण शिकू लागली.

यातली ब्रेंडा ली पहिल्यांदा त्या पत्र्याखाली आली तेव्हा परकरी पोर होती. १९५८ मध्ये, तेरा वर्षांची असताना, ब्रॅडलीने तिच्याकडून नाताळचे एक गाणे गाऊन घेतले होते. त्या वर्षी ते फारसे खपले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तेच गाणे, तीच टेप, अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर आली. ब्रेंडा ली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, आणि ब्रॅडलीला जाऊन पंचवीस वर्षे उलटली होती.